जिवंत वर, मेलेले खाली

दस्तगीरचाचांच्या दुकानात टेबलाखाली एक पोतं असायचं. त्यात मेलेले माऊस होते. कुणाची वायर तुटलेली, कुणाचं पोट फुटून आतली हिरवी पट्टी बाहेर आलेली. एखादा माऊस नीट चालेना झाला की चाचा त्याला शेपटीला धरून गरगरा फिरवायचे आणि भिंतीवर आपटायचे. भिंतीचा तिथला गिलावा उडालेला होता. पहिल्या दिवशी हे बघून मी घरी आले आणि आईला म्हणाले, मी तिथं परत जाणार नाही. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माऊसच मारतोय न्हवं? माणसाला न्हाई ना मारत? मग जा."

म्हणून मी गेले.

दुकान मलकापुरात, हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. फ्लेक्सचं दुकान. पुढाऱ्यांचे वाढदिवस, पोरांच्या निवडी, बारशी, लग्नं, दहावे, सगळं तिथं छापलं जायचं. मी तेव्हा कराडच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही हे मला कळत नसे, म्हणून मी काहीच विचारत नसे. दुपारनंतर चाचांच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायचे. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "कालिज," म्हणायचे. "कालिज, च्या सांग. कालिज, ह्याचं मुंडकं काप."

मुंडकं कापणं हा तिथला रोजचा शब्द होता. गिऱ्हाईक मोबाईलमधला फोटो घेऊन यायचं; त्यात अंगात बनियन, नाहीतर पाठीमागं म्हैस. चाचा त्या फोटोतलं डोकं कापून पांढऱ्या कडक कपड्यांतल्या एका तयार धडावर बसवायचे. अशी धडं त्यांच्याकडे पुष्कळ होती. "कुणाचं धड देऊ?" ते विचारायचे. "आमदाराचं का नवरदेवाचं?" गिऱ्हाईक लाजून म्हणायचं, "द्या की आमदाराचंच." मग चाचा हातातली लोखंडी पट्टी टेबलावर मारायचे आणि मला सांगायचे, "उडव ह्याचं मुंडकं."

ती पट्टी त्यांच्या हातातून कधी सुटत नसे. तिनं ते फ्लेक्स कापायचे, पाठ खाजवायचे, कुत्री हाकलायचे, माझ्या टेबलावर ठोकून मला दचकवायचे. दाढीला मेंदी, कानात अत्तराचा बोळा, आणि तोंडात सतत मारामारी. प्रिंटर अडकला की "ह्याचा आज खून करतो." वीज गेली की "त्या वायरमनला खांबालाच टांगतो." त्यांचे वडील ट्रकवर नावं रंगवायचे. चाचा म्हणत, "बा एक अक्षर काढाया घटकाभर लावायचा. त्याच्या हातून कवा चूक झाली न्हाई. कारण त्याच्यापुढं एका टायमाला एकच ट्रक असायचा."

चाचांच्या पुढ्यात एका वेळी सगळेच ट्रक असत. त्यांच्या स्क्रीनवर खिडक्यांचा ढीग पडलेला असायचा. वाढदिवसाच्या खिडकीवर बारशाची, तिच्यावर दहाव्याची, तिच्यावर मोबाईलमधल्या फोटोंची, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. खालची पाहिजे असली की वरच्या बाजूला ढकलत, शिव्या देत ते ती उकरून काढायचे. मी एकदा भीतभीत म्हणाले, "चाचा, दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावता येतात."

"बाजार कवा रांगंत भरतो का गं?" ते म्हणाले. "ढिगातच धंदा असतो."



मग ती चूक झाली. नदीपलीकडच्या एका गावचे दोन फ्लेक्स एकाच दिवशी आले होते. एक सूरजदादाच्या वाढदिवसाचा. सूरज म्हणजे त्या गावातला पोरांचा म्होरक्या. तलवारीनं केक कापायचा, फोटोत गॉगल घालून फोनवर बोलायचा. दुसरा फ्लेक्स त्याच गावच्या एका म्हाताऱ्या सुभेदारांच्या श्रद्धांजलीचा. चाचांनी सूरजचा फोटो उचलला आणि सोडला. वाढदिवसाची खिडकी खाली होती आणि श्रद्धांजलीची वर. फोटो हार घातलेल्या काळ्या चौकटीत जाऊन बसला. चाचांनी त्याच क्षणी फोन घेतला आणि कुणालातरी शिव्या द्यायला लागले. मग न बघताच छपाईला टाकलं. गुंडाळी तशीच गावात गेली. पहाटे अंधारात पोरांनी ती वेशीला बांधली. उजाडल्यावर गावाला दिसलं ते असं, की खाली नाव सुभेदारांचं आणि वर हारात गॉगल घालून हसणारा सूरज.

अकराच्या सुमाराला तो आला. सोबत चार-पाच जण, एकाच्या हातात हॉकी स्टिक. फ्लेक्स खांद्यावर घेऊन आला होता. दुकानात फरशीवर त्यानं तो पसरला आणि चाचांना विचारलं, "ह्यो कोण?"

चाचांनी वाकून बघितलं. 

"चूक झाली, दादा. खिडकी चुकली."

"खिडकी?" सूरज पोरांकडे वळला. "खिडकी चुकली म्हंतोय रं." पोरं हसली. "माझ्या आत्तीला कुणीतरी फोटो धाडला ह्याचा. इस्लामपुरासनं हितवर येष्टीत ऊर बडवत आली ती. मी दारात दात घासत उभा, आन ती माझ्याच अंगावर पडून माझ्यासाठी रडतीया. काय सांगायचं मी तिला? खिडकी चुकली?"

"उद्याच्या उद्या नवा छापून देतो."

सूरजनं पोराच्या हातातली हॉकी स्टिक ओढून घेतली आणि पहिली चाचांच्या मॉनिटरवर मारली. काच टेबलभर झाली. दुसरी माझ्या मॉनिटरवर. मी भिंतीला चिकटले होते. तिसऱ्या वेळी तो खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर मारणार होता आणि चाचा मध्ये वाकले, कारण त्यात गावोगावची सगळी तोंडं साठवलेली होती. स्टिक त्यांच्या डोक्यात मागच्या बाजूला, उजवीकडे बसली. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. चाचा गुडघ्यांवर बसले आणि मग हळूहळू त्या पसरलेल्या फ्लेक्सवर आडवे झाले. रक्त सूरजच्या छापील तोंडावरून वाहत गेलं. फ्लेक्सवर रक्त मुरत नाही, घरंगळतं, हे मला तेव्हा समजलं.

जाताना सूरज दारात थांबला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "म्हाताऱ्या, पुढच्या टायमाला त्या चौकटीत तुझा फोटो आसंल."

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा चाचा म्हणाले, "शिडीवरनं पडलो." नंतर मला म्हणाले, "ह्याच रस्त्यावर दुकान हाय माझं. उद्या त्याच्याच गावाचं दहावं-बारावं मला छापायचं हाय."

ते परत आले तेव्हा डोक्याला बँडेज होतं, बाकी सगळं तसंच वाटत होतं. पण पहिल्याच दिवशी ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकले आणि चौकटीला शिवी दिली. मग बशीतला एक वडापाव खाऊन माझ्यावर ओरडले, "दुसरा कुठाय? खाल्लास व्हय?" दुसरा बशीतच होता, डाव्या अंगाला. मी बशी फिरवली तेव्हा त्यांनी त्या वड्याकडे असं बघितलं, जणू तो कुठून तरी उडी मारून आला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते त्यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितलं. "डोळं झकास हायती. मागं टकुऱ्यात काच फुटलीया. डाव्या अंगाचं जग मेलं." इस्लामपूरची त्यांची मुलगी येऊन रडली. दुकान बंद करा, माझ्याकडे चला, म्हणाली. चाचा म्हणाले, "तिथं काय करू? तुझ्या शेळ्या राखू?" ती गेल्यावर मात्र बराच वेळ ते पट्टी गुडघ्यावर हळूहळू आपटत बसले. "कालिज," ते म्हणाले, "आता एक चूक, आन माझी चौकट. त्यो बोलल्याप्रमाणं करणारा हाय. तुझ्या त्या शेजारी-शेजारी खिडक्या दाव मला."

कॉलेजात दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारला. स्क्रीनवरच्या खिडक्यांना शिस्त लावणारी ॲप कोणती, असा. सर आधी हसले, मग त्यांनी चार-पाच नावं फळ्यावर लिहिली. मी ती सगळी पेनड्राईव्हवर घेऊन दुकानात आले.

चाचांना ॲपची इंग्रजी नावं सांगून उपयोग नव्हता. ते प्रत्येकाला आपलं नाव ठेवायचे. पहिल्याचं नाव पडलं खाटीक. ते ॲप आपोआप चालायचं. नवी खिडकी उघडली की स्क्रीन कापून तिला वाटा द्यायचं. दोन खिडक्यांना अर्धा-अर्धा, तिसरी आली की आणखी तुकडे. चाचांनी पाच-सहा फायली उघडल्या आणि माणसांची तोंडं कापडाच्या चिंध्यांएवढी झाली. त्यातला अर्धा माल डावीकडे, म्हणजे त्यांच्यासाठी नाहीच. "ह्यो न विचारता सुरी चालवतोय," म्हणून त्यांनी कीबोर्ड उचलून मांडीवर मोडला. बटणं शेवेसारखी उडाली.

दुसऱ्याचं नाव हवालदार. त्यात सगळं बटणांच्या हुकमावर. हे दाबलं की खिडकी उजवीकडे, ते दाबलं की वरच्या कोपऱ्यात. मला ते आवडलं होतं. चाचा दोन दिवस हुकूम पाठ करत होते. नमाजाला जातानाही बोटं हलत होती. पण एक बटण चुकलं की खिडकी डाव्या अंगाला जायची आणि त्यांच्या लेखी नाहीशी व्हायची. "गेला फरारी," ते ओरडायचे आणि मान वळवून-वळवून तिला शोधायचे. शेवटी त्यांनी स्क्रीनला धरून एवढा हिसका दिला की नवा घेतलेला मॉनिटर पडता-पडता मी झेलला.

तिसरं भुताटकी. ते खिडक्या वेगवेगळ्या पडद्यांवर ठेवायचं. एक दिसला की दुसरे अदृश्य. चाचांनी ते लगेच बंद करायला लावलं. "मला दिसंना झालंय म्हणून तर हे चाललंय. आन हे आणखी लपवतंय."

माझी उमेद संपत आली होती. चौथं ॲप साधं होतं. त्यात स्क्रीनचे खण आपणच आखायचे, हवे तिथं, हवे तेवढे. खिडकी खणाजवळ नेली की त्यात जाऊन बसायची आणि दुसऱ्या खणावर पाय टाकायची नाही. मी आखायला बसले. सगळ्या उदाहरणांत स्क्रीन पूर्ण भरलेला होता. मी डावा तिसरा हिस्सा सोडून दिला, नुसता काळा. राहिलेल्या जागेत एक वरचा खण आणि एक खालचा.

चाचा खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवर पट्टी ठेवून त्यांनी मापं घेतली, जणू भिंत बांधायची होती. मग म्हणाले, "जिवंत वर. मेलेले खाली. काय बी झालं तरी वरचा खाली येणार न्हाई आन खालचा वर जाणार न्हाई."

"आणि चाचा, ज्या खिडकीत हात चालू आहे तिच्याभोवती हे ॲप लाल कड काढतं."

त्यांनी एकदा वर, एकदा खाली बोट लावून बघितलं. लाल कड वर गेली, खाली आली. "हे पायजे होतं," ते म्हणाले. "घाव कुठं पडणार हे मारायच्या आधी कळाया पायजे." मग बराच वेळ त्या काळ्या, रिकाम्या हिश्श्याच्या बाजूला मान वळवून बघत राहिले. "ही जागा रिकामीच ठेव. तिथं कुणी ऱ्हात न्हाई आता."

त्या अ‍ॅपला त्यांनी नाव ठेवलं नाही. त्यानंतर चूक झाली नाही. काम हळू झालं, शिव्या तेवढ्याच राहिल्या. फोटो सोडायच्या आधी ते मोठ्यानं म्हणायचे, "वर, जिवंत," आणि मगच बोट उचलायचे. गिऱ्हाईकं हसायची. चाचा त्यांना पट्टी दाखवायचे.

मग सूरजवर वार झाले. भर दुपारी, हायवेच्या ढाब्यावर जेवत असताना दुसऱ्या टोळीची पोरं आली. कोयत्यांनी पोट फाडलं, असं लोक सांगत होते. वाचत नाही म्हणाले, पण वाचला. तो अजून दवाखान्यातच असताना त्याची आई दुकानात आली. हातात टॉवेल, टोपी आणि नारळ. तिनं वाकून चाचांच्या पायांना हात लावला.

"दस्तगीरभाऊ, माझ्या लेकाचं मरण तुमी आधीच कागदावर काढून टाकलं."

चाचांना काही कळेना. ती सांगत होती, की डोक्याला कावळा शिवला तर आम्ही सोयऱ्यांना खोटा सांगावा धाडतो, माणूस गेलं म्हणून. ती खरंच रडतात आणि मरण निघून जातं. "त्याची आत्ती येष्टीभर रडली न्हवं? त्या रडण्यानं राखला त्याला."

चाचांचा चेहरा लाल झाला. त्यांनी नारळ उचलला. मला वाटलं बाजूला ठेवतील. त्यांनी तो दारातून बाहेर भिरकावला. गटाराच्या कठड्यावर तो फुटला, पाणी उडालं, कुत्री पळाली. "माझं अर्धं जग गेलं ते कुणी रडून आणायचं, बाई?" ते ओरडले. "जावा. टॉवेल घेऊन जावा."

ती टॉवेल तिथंच ठेवून गेली. फुटलेल्या नारळाची एक कवड उचलून तिनं पदरात घेतली.

त्यानंतर चाचांचं डोकं दुखायला लागलं. ते पट्टी कपाळावर दाबून काम करायचे. एका सकाळी "वर, जिवंत" म्हणाले आणि कीबोर्डवर पडले. जुन्या घावाखाली रक्त साचत होतं, डॉक्टर म्हणाले. कराडच्या दवाखान्यात कवटी उघडावी लागली. नंतर ते डोळे उघडेनात.

मी दुकान उघडं ठेवलं होतं. तिसऱ्या प्रहरी सूरज आला. एकटाच, पोट हातानं धरून, वाकून चालत. मी पट्टी हातात घेतली. मला दुसरं काही सुचलं नाही.

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "म्हाताऱ्याचा फोटो हाय का तुज्याकडं?"

"कशाला?"

"श्रद्धांजलीचा फ्लेक्स कर. मोठा. आईनं धाडलंय." मग खाली बघून म्हणाला, "मीच म्हणलो हुतो त्याला. चौकटीत तुझा फोटो आसंल म्हणून. आता लावाया पायजे. तवाच वाचंल."

मी कॉम्प्युटर शिकत होते. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही एवढं मला समजत होतं. तरी त्याला थांबायला सांगितलं. मी दवाखान्यात चाचींकडे गेले. त्या बाकावर तसबी ओढत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्यात असलं चालत न्हाई." तसबीचे मणी पुढे सरकत राहिले. मी उठले तेव्हा त्यांनी माझी ओढणी धरली. "कैलासवासी लिहू नको. मरहूम लिही."

दुकानात येऊन मी चाचांच्या जागेवर बसले. त्यांचा फोटो वरच्या खणात उघडला. ईदचा होता, दाढी ताजी रंगवलेली. खालच्या खणात काळी चौकट आणि हार. फोटो उचलला. लाल कड वरच होती. मला तो खाली नेववेना. बोट दुखायला लागलं तरी माऊस तसाच धरून होते. दारात सूरज उभा होता. त्यानं एकदाही घाई कर म्हटलं नाही. मग मी मोठ्यानं म्हणाले, "खाली," आणि बोट सोडलं.

फ्लेक्स मलकापूरच्या चौकात लागला. संध्याकाळच्या आत मिरजेहून चाचींचा भाऊ ऊर बडवत दवाखान्यात आला. चाचींनी त्याला पोटभर रडू दिलं आणि मग सांगितलं, "जित्ता हाय. जा, तोंड धू."

चाचांनी दोन दिवसांनी डोळे उघडले. कशानं, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली. सूरजची आई काही म्हणाली नाही, तिनं नवा नारळ दवाखान्याच्या दाराशी ठेवला.

पुन्हा स्क्रीनसमोर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलीनं टेम्पो आणला. सामान भरलं आणि इस्लामपूरला निघताना चाचा म्हणाले, चौकात थांबव. फ्लेक्सचं त्यांच्या कानावर आलं होतं. टेम्पो तिथूनच जायचा होता, म्हणून त्यांची लोखंडी पट्टी द्यायला मी आधीच तिथं गेले होते. सूरज फ्लेक्सची सुतळी सोडत होता. टेम्पो बघून त्याचे हात थांबले.

चाचा उतरले. डोक्यावर केस नव्हते, टाक्यांची ओळ होती. फ्लेक्सपुढे उभे राहून त्यांनी वाचलं, पण नुसती उजवी बाजू. "फोटो कुठाय?" त्यांनी विचारलं. मग मान डावीकडे वळवत, वळवत नेली आणि स्वतःच्या तोंडावर येऊन थांबले. 

"कालिज," ते म्हणाले. "चौकट जाड झालीया. गालफाड दाबलंय."

"हो, चाचा."

त्यांनी हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती सगळ्या ताकदीनं सूरजच्या पाठीत मारली. पोटाला टाके असलेला तो पोरगा बांबू धरून नुसता वाकला. चाचांनी पट्टी पुन्हा उचलली. पण तेवढ्यात सूरज वेदनेनं डावीकडे कलला होता आणि चाचांना तो दिसेना. पट्टी हवेतच राहिली. "कुठं गेला?" ते म्हणाले. "गेला कुठं त्यो?"

चौकातली सगळी माणसं बघत होती. सूरज पाऊल-पाऊल सरकत त्यांच्या उजव्या बाजूला आला आणि पाठ करून उभा राहिला.

"हितं हाय, चाचा," तो म्हणाला.

दुसरा घावही तेवढाच जोरात बसला. मग चाचांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि श्वास घेतला. "आता सोड ती सुतळी. घडी घालू नगंस, गुंडाळ. माझ्या लेकीच्या शेळ्यांवर घालायचाय, वरनं गळतंय."

सूरजनं फ्लेक्स गुंडाळला आणि टेम्पोत ठेवला. तो लांब होता. मागच्या फळीतून एक टोक बाहेर राहिलं. चाचा त्याच्या शेजारी पोत्यावर बसले आणि टेम्पो हलल्यावर तो पडू नये म्हणून त्यांनी त्यावर हात टाकला. हायवेला लागेपर्यंत ते मला दिसत होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी होते, म्हणून त्यांना मी दिसले नसणार.